छायाची तापणारी व्हॅन

शेणवे गावच्या छायाला एका जागी निवांत बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा ती एक गुडघा उभा ठेवून बसते, उठायला बरं पडतं म्हणून. माहेर वैशाखऱ्याचं, माळशेजच्या रस्त्यालगतचं. लहानपणी अंगणात भांडी घासता घासता ती नुसत्या आवाजावरून सांगायची, घाटाकडे चाललेला ट्रक भरलेला आहे की रिकामा. आई म्हणायची, हिचे कान रस्त्यावर आणि हात राखेत. ते कान पुढं आयुष्यात कामाला येतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

नवरा हेमंत टेम्पो चालवायचा, दुसऱ्याचा. माणूस शांत, बोलणं मोजकं. चार वर्षांपूर्वी त्याच्या पायांना सूज आली, मग तोंडावर आली आणि डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं बसली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मुरबाडच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुवून घ्यायचं. वेळ साडेआठची. त्या वेळेला पोचवील अशी एसटी नाही, आणि चार तास मशीनवर पडून उठलेल्या माणसाला परतीच्या एसटीत उभं राहवत नाही. रोजची भाड्याची गाडी परवडणारी नव्हती. मग दागिन्यांतली एक वस्तू मोडून कल्याणहून ही व्हॅन आणली. बारा वर्षांची, पांढरी म्हणायची इतपत पांढरी, इंजिन पुढच्या सीटच्या खाली. हेमंतची नजरही साखरेनं अधू झालेली, त्यामुळे चालवणार कोण? बेचाळिसाव्या वर्षी छायानं लायसन काढलं.

किन्हवलीच्या स्टँडवर जीपवाल्यांना हे पचायला वेळ लागला. दिपेश नावाचा एक जीपवाला तर रोज टपून असायचा. "वहिनी, स्टेअरिंग हाय ते, परातीत पीठ नाय मळायचं!"

"भावजी, माझी भाकरी गोल होते," छाया काच खाली करून म्हणायची. "तुमची जीप तर वळणावर चौकोनी जाते. आधी ती मळून घ्या."

बाकीचे हसायचे. दिपेशही हसायचा. सहा महिन्यांत तोच तिला गाडी मागं घेताना हात दाखवू लागला.

व्हॅनमधून नुसता हेमंत जायचा असं नाही. बाजाराला जाणाऱ्या बायका, लग्नाची भांडी, वाडीवरची मंगळी, सगळ्यांनाच ती गाडी. मंगळी म्हणजे गावकुसाबाहेरच्या वाडीतली साठीची बाई, सरळगावच्या वीटभट्टीवर कामाला जायची. भाडं द्यायला पैसे नसले की काटक्यांची मोळी आणून दारात टाकायची. छायानं तिला कधी नाही म्हटलं नाही. रस्त्यात सोबत असावी हाही एक स्वार्थ होताच.

जुन्या गाडीचे आजार छायाला माणसांच्या आजारांसारखे तोंडपाठ झाले. सरकता दरवाजा रोलर झिजल्यामुळे आधी उचलायचा, मग ढकलायचा. सायलेन्सरला भोक, त्याला डब्याचा पत्रा गुंडाळलेला. दुसरा गिअर मनात आलं तर पडणार. एवढं चालायचंच. पण गेल्या पावसाळ्यानंतर गाडीला ताप यायला लागला. चढणीला लागली की इंजिन तापायचं, तापमानाचा काटा वर सरकायचा, आणि काटा वर जायच्या आधीच छायाला कळायचं, कारण ते इंजिन तिच्या बसण्याखाली होतं. मांड्या भाजायला लागायच्या. चुलीवर बसून चूल हाकावी तसं. मग ती सीटवर चुळबुळ करायची, या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची, कान इंजिनाकडे, डोळे काट्याकडे, आणि पाय कधी दाबू कधी सोडू असा.

शेवटी गाडी बाजूला घ्यायची, दहा मिनिटं थांबायचं, कपड्यानं धरून रेडिएटरचं झाकण उघडायचं आणि पाणी ओतायचं. मागच्या सीटखाली पाण्याचे दोन कॅन कायम भरलेले. हेमंतला मात्र डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं, दिवसाला एवढीशी एक बाटली, त्याच्यावर घोट नाही. गाडी घटाघटा दोन कॅन प्यायची आणि तो शेजारी बसून बघत राहायचा.

"पाज तिला," तो एकदा म्हणाला. "माझ्या वाटचं तीच पिते."

छायाला हसू आलं नाही. तिनं कॅनचं झाकण इतकं घट्ट आवळलं की पुढच्या वेळी तिलाच उघडेना.

शहापूरचा बाळ्यामिस्त्री तिचा नेहमीचा. तोंडात सतत बडीशेप आणि हातात पाना. त्यानं आधी होज पाइप बदलला, मग थर्मोस्टॅट, मग झाकण. "झाकणानं पण तापते गाडी, वहिनी. दीडशे रुपयांचं झाकण दीड लाखाचं इंजिन खातं." पाणी उकळतच राहिलं. मग वॉटर पंप झाला, मजुरी धरून अडीच हजार. मग म्हणाला रेडिएटर आतून चोक झालंय, खोलून साफ करू.

रेडिएटर खोलायचं म्हणजे पुढची जाळी काढायची. आणि जाळीवर म्हसोबाचं होतं.

त्याची गोष्ट अशी. हेमंत पहिल्यांदा मशीनवर गेला त्या वर्षी छाया पौषात म्हसाच्या जत्रेला गेली आणि म्हसोबाला नवस बोलली, याला राखलास तर दर जत्रेला तुझं कापड बांधीन. व्हॅन आली तेव्हा देवळात लावून आणलेला खण, त्यात गुंडाळलेला नारळ, तिनं व्हॅनच्या पुढं जाळीवर बांधला. पुढच्या जत्रेला त्यावर दुसरा खण आणि प्लॅस्टिकच्या झेंडूचं तोरण, त्याच्या पुढच्या जत्रेला तिसरा. वारा उडवील म्हणून चारही कोपऱ्यांना नायलॉनची दोरी. तीन वर्षं हेमंत तगून राहिला. छायाच्या लेखी त्या जाळीवर त्याचा श्वास बांधलेला होता. गाडी धुताना ती तेवढी जागा सोडून धुवायची, पाणी घातलं तर आशीर्वाद वाहून जाईल असं वाटायचं. पावसाळ्यात चिखल उडून बसला, वाळला, पुन्हा बसला. कापड पत्र्यासारखं टणक झालं. तिनं त्यावरच हळदीकुंकू वाहिलं.

बाळ्या आधी साबणानं हात धुवून आला. जाळीला कपाळ लावलं. स्क्रू काढून देवासकट जाळी अलगद उचलली आणि कोऱ्या गोणपाटावर ठेवली. रेडिएटर साफ करून बसवलं, आणि जाळी बाजूलाच ठेवून अर्धा तास इंजिन चालवलं. काटा मधोमध.

"बघ वहिनी, काट्याला सांगून ठेवलंय. आता हलायचं नाय."

मग त्यानं पुन्हा हात धुतले, जाळी बसवली, पाया पडला. घराच्या वाटेवर पहिल्याच चढणीला छायाच्या मांड्या भाजायला लागल्या.

"गॅरेजात शहाण्यासारखी वागते," बाळ्या फोनवर म्हणाला. "तुझ्या हातात आली की नखरे करते. तुझा वहीम असेल गो."

वहीम! इतकी वर्षं जिच्या कानांनी ट्रकचं वजन ओळखलं तिला वहीम. ती त्या दिवशी दोनदा अंगण झाडून मोकळी झाली.

यंदाच्या जत्रेला तिनं मनाशी पक्कं ठरवलं की देवाचं काहीतरी राहिलंय. गाडी तापते म्हणजे तो रागावलाय. गर्दीतून वाट काढत, घोंगड्यांच्या पालांमधून ती देवळात गेली, चूक भूल पदरात घे म्हणाली, आणि यावेळी साधा खण न घेता सव्वा मीटर जाड लाल कापड घेतलं. दुहेरी करून बांधलं, आधीच्या सगळ्याच्या वरून, बंपरपर्यंत. हेमंत खुर्चीवर बसून बघत होता. "देवाला थंडी वाजते काय गो?" त्यानं विचारलं. तिनं गाठ आणखी आवळली.

गाडी आणखी तापायला लागली. आता चढण नसली तरी.

तिनं मिस्त्री बदलला. मुरबाडचा ऋतिक म्हणाला, हेड गॅसकेट गेलंय. सात हजार आणि चार दिवस. त्यानंही जाळी काढली, दुकानातल्या देवांच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगली, रोज सकाळी तिलाही उदबत्ती ओवाळली. चार दिवस तिथं गाडी मऊ दुधासारखी चालली. चार दिवसांनी जाळी लागली आणि सरळगावच्या पुढं गाडी वाफ टाकत उभी राहिली. कल्याणला नोकरी करणारी मुलगी समीक्षा फोनवर ओरडली, "आई, विकून टाक ती! भंगारात दे!" छायानं विचारलं, "आणि मंगळवारी बाबांना तू खांद्यावर नेशील?"

त्यातच तो मंगळवार आला. गाडी दोनदा बंद पडली, ती सव्वा तास उशिरा पोचली. मशीनवर पुढचा माणूस ताटकळत होता, म्हणून हेमंतला अडीच तासच मिळाले. डॉक्टर म्हणाले, आज भागवलं, पण अंगात पाणी राहिलंय. शुक्रवारी पुरे चार तास झालेच पाहिजेत. नाहीतर पाणी छातीत चढेल आणि मग कल्याणला आयसीयूत न्यावं लागेल. छाया ते ऐकताना एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

बुधवार, गुरुवार ती नीट जेवली नाही. हेमंत रात्री उशा लावून बसूनच झोपायचा, आडवा झाला की दम लागायचा. गुरुवारी संध्याकाळी तिनं भाड्याची गाडी विचारून पाहिली. लग्नसराई, एकही रिकामी नाही. दिपेशची जीपसुद्धा वऱ्हाडात. "वहिनी, दुपारी बारानंतर मोकळा हाय," तो म्हणाला, आणि बारानंतर काय उपयोग हे त्यालाही माहीत होतं.

शुक्रवारी सव्वासहालाच निघाली. दिव्याला हात जोडले, जाळीवरच्या लाल कापडाला हात लावून तोच हात हेमंतच्या छातीला लावला. वाडीच्या फाट्यावर मंगळी डबा घेऊन उभी होती, ती मागं चढली. दरवाजा उचलून ढकलायचं तंत्र तिला आता छायापेक्षा बरं जमायचं.

किन्हवलीपर्यंत गाडी दोनदा थांबवावी लागली. एक कॅन संपला. किन्हवली सोडल्यावर तिसऱ्या चढणीला सीटखालून फस्स आवाज आला आणि काचेसमोर वाफ उभी राहिली. छायानं गाडी बाजूला घेतली. साडेसात वाजले होते. मार्चच्या सुरुवातीचं ऊन, पण कोवळं नव्हतंच.

ती गाडीभोवती फेऱ्या मारायला लागली. घड्याळ, हेमंत, रस्ता, पुन्हा घड्याळ. हेमंत दार उघडून बाहेर पाय सोडून बसला होता, तोंडानं श्वास घेत. पावलं इतकी सुजली होती की चपलेचे पट्टे लावलेच नव्हते. एक मोटारसायकल आली नि गेली. दहा मिनिटं थांबून तिनं झाकण उघडलं आणि दुसरा कॅन शेवटच्या थेंबापर्यंत आत ओतला.

मंगळी तेवढ्यात उतरून गाडीच्या पुढ्यात उकिडवी बसली होती. तिनं इतक्या महिन्यांत गाडीचं तोंड कधी नीट पाहिलंच नव्हतं, नेहमी मागूनच चढायची. बोटानं ते टणक कापड टकटक वाजवून बघितलं.

"छायाबाय, हिच्या तोंडावर गोधडी कुणी लिंपली गो?"

"हात काढ. म्हसोबाचं हाय ते."

मंगळीनं हात काढला, कपाळाला लावला. पण उठली नाही. "देवाचं असंल. पन आमी भट्टीला हेच करतो. आच आत राहावी म्हनून वरनं चिखल लिंपतो. वारा शिरला तर भट्टी थंड व्हते." तिनं वर पाहिलं. "हिला वारा कुठनं लागतो?"

"मंगळे, देवावर बोलू नको सकाळी सकाळी."

"मी देवावर नाय बोलत. चिखलावर बोलतेय."

छाया फेऱ्या मारायची थांबली. बहुतेक वर्षात पहिल्यांदाच. तिच्या डोळ्यांसमोर बाळ्याचं गोणपाट आलं. गोणपाटावर जाळी, आणि अर्धा तास मधोमध उभा काटा. मग ऋतिकचा खिळा, उदबत्ती, आणि चार दिवस दुधासारखी चाललेली गाडी. जाळी काढली की थंड. जाळी लावली की ताप. जत्रेपासून जास्त. तिनं जितकं देवाला मनवलं तितकं जास्त.

"नाय," ती मोठ्यानं म्हणाली. मंगळीला नव्हे, कुणालाच नव्हे.

"सोड ते," हेमंत म्हणाला.

"तुमच्या नावाचं हाय ते! तुमाला माहीत नाय, मी काय बोलून बांधलंय."

"माहीत हाय. माझ्या नावाचं हाय ना? मग मी सांगतोय, सोड." एवढं बोलून त्याला धाप लागली, आणि धाप लागलेली तिनं पाहिली.

तिनं पदर खोचला. पायताण काढलं. मातीत गुडघे टेकून बसली, हात जोडले आणि पुटपुटली, "बाबा, माझी अक्कल कमी पडली. राग माझ्यावर काढ, याच्यावर नको."

मंगळीनं डब्याच्या पिशवीतून कोयता काढला. "काप."

"कापायचं नसतं. ज्या हातानं बांधलं त्याच हातानं सोडायचं असतं."

पहिली गाठ नखांनी सुटली. दुसरीला दात लावावे लागले, तोंडात चिखल आला, थुंकली. तिसरीला नख उलटलं. चौथी गाठ खाली बंपरजवळची, सगळ्यात जुनी. तिच्यात तीन पावसाळ्यांची माती मुरून दगड झाली होती. दात लागेनात, नख शिरेना. पावणेआठ. भिजवली तर सुटली असती, पण दोन्ही कॅन रिकामे. विहीर खाली गावात.

सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं. हेमंत गाडीला धरून धरून पुढं आला होता. हातात त्याची बाटली. दिवसभराची, अजून तोंडही न लावलेली.

"अवो, ते तुमचं..."

"पी म्हणून नाय देत. धर."

त्यानंच ओतली. बेतानं, धार बारीक करून, सवयच होती त्याला पाणी पुरवायची. माती विरघळली, तांबडं पाणी छायाच्या मनगटावरून ओघळलं. बाटली अर्ध्याच्या खाली आली तेव्हा दोरी हलली. गाठ सुटली.

सगळं एकत्रच खाली आलं, तीन वर्षांचं. आतला नारळ सुकून हलका झालेला, खुळखुळ वाजला. जाळीच्या मागं रेडिएटरच्या पत्र्यांत प्लॅस्टिकच्या पाकळ्या, धागे, काड्या अडकलेल्या. मंगळीनं काटकी घेऊन एकेक टोकरून काढल्या. तोंडानं चालूच होतं, "एवढी फुलं खाल्ल्यावर कुनाला बी ताप येनार."

छायानं ते सगळं ओच्यात घेतलं आणि हेमंतच्या मांडीवर ठेवलं. "धरून बसा. खाली पडू देऊ नका." तो देवाचं मांडीवर घेऊन बसला, लहान मूल घेतात तसा.

गाडी निघाली. पहिली चढण. छायाचं सगळं अंग ताणलेलं, मांड्या भाजायची वाट बघणारं. काटा मधोमध आला. थांबला. दुसरी चढण. काटा तिथंच. तिला त्याचाही धीर धरवेना, बोटानं काच टिचकावून पाहिली, अडकला तर नाही? सरळगावला मंगळी उतरली. "जा बाय, आता नको थांबू," म्हणाली आणि दरवाजा उचलून ढकलून लावून दिला.

आठ पस्तीसला मुरबाड. मशीनवरची भाग्यश्री सिस्टर दारातच उभी. "काका, पुढच्याला बोलवायला निघालेच होते मी! चला, आज पळायचं नाही, पूर्ण चार तास." त्याच्या मांडीवरचा गठ्ठा बघून तिनं विचारलं, "हे काय आणलंत?"

"देव," हेमंत म्हणाला. "हिच्याकडे द्या."

चार तास बाहेर बाकावर बसणं छायाच्या प्रकृतीला जमणारं नव्हतं. गठ्ठा शेजारच्या सीटवर ठेवून ती तशीच म्हसाला गेली. जत्रेनंतरचं म्हसा रिकामं, पालांच्या खुंट्यांची भोकं तेवढी जमिनीत. देवळात पुजारी म्हातारा, ऐकू कमी येणारा. तिनं गठ्ठा पुढं ठेवला आणि रडत रडत सगळं सांगितलं. नवस, गाडी, ताप, गाठी. दोनदा सांगावं लागलं.

म्हाताऱ्यानं कापड उलगडून बघितलं. "पुढं बांधलंस होय? अगो, पुढं नाय बांधायचं. पानी उकळतं. मागल्या वर्षी तीन जीपवाले येऊन हेच रडले. मागं बांध, मागच्या दाराला."

"देवाला मागं कसं बसवू?"

"का? बैलगाडीत धनी कुठं बसायचा?"

अकरा-बारा हजार रुपये आणि इतक्या महिन्यांची झोप, आणि हा म्हातारा इतक्या सहज सांगतोय. क्षणभर त्याचा राग आला, मग बाळ्याचा, मग स्वतःचा. मग नळावर तिनं कापड धुतलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. लाल रंग खालून वर आला. आशीर्वाद वाहून गेल्यासारखं काही वाटलं नाही, उलट ते वाऱ्यावर फडफडलं तेव्हा बरं वाटलं. नवा नारळ, देवाच्या पायाशी लावून, आणि मागच्या दाराला दोन सुटसुटीत गाठी.

दुपारी हेमंत बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला असला तरी पावलं चपलेत बसत होती. डॉक्टर म्हणाले, पाणी निघालं. त्यानं गाडीला वळसा घालून मागं बघितलं, लाल कापडाला हात लावला आणि येऊन बसला.

"मागं का?"

"पुजारी म्हणाले. धनी मागंच बसतो."

"बरं झालं. पुढं मी बसतोय."

परतीला काटा मधोमध. चढण आली, गेली. सरळगाव गेलं. हेमंतनं डोकं मागं टेकलं, सकाळी उरलेल्या पाण्यातला एक घोट घेतला आणि डोळे मिटले. छायानंही खांदे सैल सोडायचा प्रयत्न केला. पाच मिनिटं जमलं. मग तिची मान तिरकी झाली.

"ऐकलं?"

"काय?"

"मागच्या डाव्या चाकातून. गुर्र येतंय. बेअरिंग असेल."

हेमंतनं डोळे उघडले नाहीत. "मंगळवारपर्यंत चालेल?"

तिनं काच खाली केली, कान बाहेर काढला, आणि गाडी थोडी हळू घेऊन पुन्हा ऐकलं. रिकामी की भरलेली, चढणीची की सपाटीची, सगळं मनात तोललं.

"मंगळवारपर्यंत चालेल," ती म्हणाली. "शुक्रवारचं सांगत नाय. उद्या सकाळीच बाळ्याकडे जाते."